पट्टा कुणाच्या दंडावर

मागच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी जिंतूरकरांच्या सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात दोन माणसं बुटांसकट शिरली आणि सोळा भाज्यांचा सगळा स्वयंपाक वाया गेला. चोर नव्हते बिचारे, अँब्युलन्सवाले होते. शैलजाबाईंनी सोवळं नेसताना दंडावरचा साखर मोजायचा पट्टा काढून देवळीत ठेवला होता. पट्ट्याला नाडी लागेना. त्याने पुण्याच्या केंद्राला कळवलं, केंद्राने परभणीच्या अँब्युलन्सला, आणि ती पोरं धावत थेट शेगडीपाशी. तिथे शैलजाबाई हातात झारा घेऊन धडधाकट उभ्या. त्यांनी दोघांना जे सुनावलं ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. मग पुन्हा आंघोळ, पुन्हा वेगळं वाळत घातलेलं लुगडं, पुन्हा पुरण शिजायला. नैवेद्य झाला तेव्हा दिवेलागण उलटून गेली होती आणि जेवायला बोलावलेल्या सवाष्णी भुकेने एकमेकींशी बोलेनाशा झाल्या होत्या.

निरंजन, म्हणजे शैलजाबाईंचा मुलगा, ही गोष्ट वर्षभर येईल त्याला रंगवून सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, पुढच्या वर्षी स्वयंपाक केटररला. शैलजाबाई हसायच्या, पण हसता हसता त्यांचा चेहरा उतरायचा. एरवी त्या कुणाच्याही हातचं खात, डॉक्टर सय्यदबाईंच्या केबिनमध्ये बसून चहात बिस्किट बुडवत, शेजारच्यांचं कुत्रं मांडीवर घेत. सोवळं महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांपुरतंच उरलं होतं. पण ते सासूने त्यांच्या हाती सोपवलेलं, आणि ते आपल्या हातून सुटावं ही कल्पना त्यांना सोसत नव्हती.

हे त्यांच्या सुनेला कळत होतं. ऋजुता कॉलेजात बारावीला जीवशास्त्र शिकवायची. सोवळ्यावर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. सासूवर मात्र जीव होता. पुढचं सगळं त्या जिवापायीच झालं, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे तिच्यावर दात ओठ खाण्याआधी जरा थांबाल.

त्या पट्ट्याविषयी थोडं सांगायला हवं. शैलजाबाईंच्या स्वादुपिंडाने फार वर्षांपूर्वी हात टेकले होते. निरोगी माणसाच्या रक्तात साखर वाढली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि साखर उतरते. फार उतरली तर ते ग्लुकॅगॉन सोडतं आणि यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात ओततं. वाढलं की उतरव, उतरलं की चढव. अंगातली ऊब, पाणी, मीठ, रक्तदाब, सगळ्यांचा हाच उद्योग जन्मभर चालू असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. पुस्तकात याला समस्थिती म्हणतात. ऋजुता वर्गात गच्चीवरच्या टाकीचं उदाहरण द्यायची. टाकीत फ्लोटचा गोळा असतो. पाणी चढलं की गोळा वर येतो आणि मोटर बंद. पाणी उतरलं की गोळा खाली आणि मोटर चालू. गोळ्याने मोजायचं, मोटरने करायचं, आणि मोटरने काय केलं ते गोळ्याने पुन्हा मोजायचं. हे वर्तुळ पुरं झालं तरच टाकी सांभाळली जाते, असं ती दरवर्षी फळ्यावर बाण काढून सांगायची.

तोलक नावाचं यंत्र म्हणजे हेच वर्तुळ बाहेरून बांधलेलं. दंडावरचा पट्टा कातडीत प्रकाश सोडून साखर वाचायचा. पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या डबीत दोन कप्पे होते, एकात इन्सुलिन, दुसऱ्यात ग्लुकॅगॉन. पट्टा सांगायचा, डबी द्यायची. शिवाय डबी शिकायची. इन्सुलिन देऊनही साखर उतरत नाही असं दिसलं, तर या शरीराला आता जास्त लागतं असं ती धरून चालायची आणि पुढच्या जेवणाचा डोस आपणहून वाढवून ठेवायची. तोलक बसवण्याआधी दर सणाला शैलजाबाईंची दवाखान्याची फेरी ठरलेली असायची. बसवल्यापासून त्यांनी दवाखान्याचा पलंग पाहिला नव्हता.

यंदा श्रावण संपतासंपताच सासू-सुनेची खलबतं सुरू झाली. शैलजाबाईंचं म्हणणं, पट्टा रबराचा, तो सोवळ्यात चालायचा नाही. मग पोटातली डबी कशी चालते, असं ऋजुताने विचारलं. त्यावर जराही न अडखळता उत्तर आलं की जे पोटात गेलं ते आपलंच झालं. पट्टा गरम पाण्याच्या पिशवीला बांधू, शेजारच्या कुत्र्याला बांधू, असं काय काय निघालं आणि दोघी हसून हसून बेजार झाल्या. शेवटी युक्ती ऋजुतालाच सुचली. पट्ट्याला नाडी लागते आणि माणसाची ऊब लागते. माणूस कोण हे तो तपासत नव्हता. एकाचा पट्टा दुसऱ्याच्या दंडावर जाईल हे बनवणाऱ्यांच्या ध्यानीमनीच नव्हतं. त्यांनी पोहणं धरलं होतं, विमानप्रवास धरला होता, भूकंपसुद्धा धरला होता. महालक्ष्म्या धरल्या नव्हत्या.

"माझ्या दंडावर बांधू," ऋजुता म्हणाली. "माझी शुगर नॉर्मल. पट्ट्याला सगळं ठीक दिसेल, डबी नेहमीसारखी थेंब थेंब देत राहील, आणि पुण्याचं केंद्र गप्प."

"आणि मला काही व्हायलं तर?"

"मी आहे की."

शैलजाबाईंनी तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. निरंजनला यातलं काही सांगायचं नाही, हेही त्याच बैठकीत ठरलं.

महालक्ष्म्या घरात आल्या त्या दिवशी स्वयंपाक थोडाच होता. पट्टा काही वेळ ऋजुताच्या दंडावर राहिला आणि परत शैलजाबाईंच्या दंडावर गेला. कुणाला काही कळलं नाही. दोघींना आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं.

दुसरा दिवस जेवणाचा. शैलजाबाई पहाटेच सोवळ्यात शिरल्या. नैवेद्य होईपर्यंत दोघींनाही उपास. पट्टा बांधलेली ऋजुता ओवळ्यात, म्हणून बाहेरची सगळी कामं तिच्या वाट्याला: फुलं, केळीची पानं, पाहुण्यांचा चहा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत तिने पाऊल टाकायचं नाही. आतून हाक आली की हवी ती वस्तू उंबऱ्यावर ठेवायची, शैलजाबाई पाणी शिंपडून ती आत घेणार. अशी तिची सकाळभर ये-जा चालली होती.

उन्हं डोक्यावर आली तसा तिच्या पायांतला जीव गेला. तोंडाला कोरड तर सकाळपासूनच होती. हल्ली ती कायमच असायची. ती कोठीच्या खोलीत टेकायला गेली आणि समोर फुलोऱ्याचा डबा दिसला. देवींच्या डोक्यावर टांगून उरलेले लाडू-करंज्या त्यात होत्या. नैवेद्याआधी त्यातलं कुणी तोंडात घालायचं नसतं, हे त्या घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक होतं. तिने एक लाडू खाल्ला. मग दुसरा खाल्ला, मग करंजी. दाराकडे पाठ करून, चावल्याचा आवाज होऊ न देता. विश्वास नसलेल्या बाईला खरं तर यात काही वाटायला नको होतं, पण तिला चोरट्यासारखं वाटलं आणि स्वतःची लाज वाटली.

पट्ट्यावर एक बारीक दिवा असायचा. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे उपाय चालू आहे, तांबडा म्हणजे धावा. थोड्या वेळाने तिने बाही सारून सकाळपासून पहिल्यांदाच दिवा पाहिला, तो पिवळा होता. तिने हिशेब केला की आपलं स्वादुपिंड शाबूत आहे, साखर उतरेल आणि दिवा हिरवा होईल. तिने बाही खाली ओढली आणि चहाचा ट्रे उचलला. पुन्हा पाहिलं तेव्हाही दिवा पिवळाच होता. तिसऱ्यांदा तिने पाहिलंच नाही.

मग शैलजाबाईंचा फोन वाजला. तो ऋजुताकडेच होता. केंद्रावरचा आवाज बाईचा होता, पण बाई नव्हती, यंत्र होतं. त्याने गोड मराठीत विचारलं की शैलजाताईंची शुगर बराच वेळ उतरत नाही, त्यांनी काही खाल्लं आहे का, की माणूस पाठवू? माणूस म्हणताच ऋजुताच्या डोळ्यांपुढे ते मागच्या वर्षीचे बूट उभे राहिले. ती म्हणाली, सणाचं घर आहे, त्यांनी जरा गोड खाल्लं. यंत्र म्हणालं, काळजी करू नका, आम्ही सांभाळून घेतो.

फोन ठेवून ती ओसरीवरून पाण्याचा तांब्या घ्यायला वाकली आणि तशीच राहिली. सांभाळून घेतो म्हणजे काय करणार? आणखी इन्सुलिन देणार. कुणाला? जिने पहाटेपासून घास खाल्लेला नाही तिला. गोळा शेजारच्या टाकीत आणि मोटर आपल्या टाकीवर. शेजारच्या टाकीत पाणी पडतच नाही, म्हणून गोळा उठत नाही, म्हणून मोटर थांबत नाही, आणि आपली टाकी फुटेस्तोवर भरत राहते. जे ती दरवर्षी फळ्यावर काढायची ते तिने स्वतःच्या घरात मोडून ठेवलं होतं. ती धावली.

स्वयंपाकघरात शैलजाबाई रिकाम्या पातेल्यात डाव फिरवत होत्या. लुगडं घामाने अंगाला चिकटलं होतं. सकाळपासून शेगडीपाशी असलेल्या बाईला घाम येणारच, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्या कुणी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. ऋजुता उंबऱ्यावरून ओरडली, आई, बाहेर या, साखर खा. त्यांनी तिच्याकडे पाहिलं ते अनोळखी माणसाकडे पाहावं तसं.

"शिवू नको मला," त्या म्हणाल्या.

आणि ऋजुता थांबली. एक पाय उंबऱ्याबाहेर, एक उंबऱ्यावर. फार वेळ नव्हे. पण ती थांबली, हे खरं आहे. सोळा वर्षं ऐकलेला शब्द पायांनी आधी ऐकला आणि डोक्याने नंतर. तेवढ्यात शैलजाबाई कोसळल्या.

पुढचं सगळं तिच्या हातांनी केलं. तिने आत जाऊन त्यांच्या ओठांच्या आतून साखर चोळली. स्वतःच्या दंडावरचा पट्टा ओरबाडून त्यांच्या दंडावर बांधला. पट्ट्याने खरं रक्त वाचलं आणि दिवा तांबडा झाला. डबीने दुसरा कप्पा उघडला, केंद्राने अँब्युलन्स सोडली. निरंजन धावत आला तेव्हा सगळं जिथल्या तिथे होतं, पट्टासुद्धा.

शैलजाबाई वाचल्या. पण मेंदू साखरेवर जगतो, त्याला दुसरं काही फारसं चालत नाही, आणि त्यांचा मेंदू बराच वेळ उपाशी राहिला होता. शुद्धीवर आल्या त्या अर्धे शब्द हरवून. चमच्याला त्या "ते खायचं" म्हणत, खिडकीला "उजेड". मुलाचं नाव सापडलं की लहान पोरासारख्या खूश होत आणि पुढच्याच क्षणी ते पुन्हा निसटे. डॉक्टर नाझनीन सय्यद त्यांच्या किती वर्षांच्या ओळखीच्या. त्यांनी निरंजनला बाजूला घेऊन सांगितलं की शब्द हळूहळू परत येतील, निदान काही तरी येतील. पण पुन्हा एकदा शुगर अशी पडली तर हा मेंदू ते सोसणार नाही.

निरंजन दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होता: ऋजुता होती म्हणून आई वाचली. तिने आधी पट्टा पाहिला, तिने साखर दिली. पाहुणे ऋजुताच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि ती तोंड धुवायच्या निमित्ताने उठून जायची. नळ सोडून ती आरशासमोर उभी राहायची आणि त्या बाईशी नजर मिळवायची टाळायची. ते लाडू खाल्ले नसते तर. सगळं त्या लाडवांपाशी येऊन थांबायचं. एवढ्या मोठ्या पापाचं कारण एवढं क्षुल्लक असावं याचीच तिला जास्त शरम वाटायची. निरंजन तोलक बनवणाऱ्या कंपनीवर खटला भरायच्या गोष्टी करायला लागला तेव्हा तिने मान डोलावली. त्या मान डोलावण्यामुळे तिला नंतर जेवण गेलं नाही.

एकदा खोलीत दोघीच असताना तिने शैलजाबाईंचा हात हातात घेतला. ती काही बोलणार एवढ्यात त्यांनी डोकं हलवलं. त्यांना सगळं आठवत होतं; गेले होते ते फक्त शब्द. "नको सांगू," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ धडपडून आणखी दोन शब्द मिळवले, "तुझा संसार." ऋजुताने त्यांची चादर नीट केली. दुखणाईत बाईची आज्ञा मोडायची नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली, आणि मनातून तिला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटल्यासारखं वाटणं तिला सगळ्यात जास्त लागलं.

पुढे एका सकाळी नवा पट्टा दवाखान्याच्या गच्चीवर ड्रोनने उतरला. डॉक्टर सय्यद स्वतः तो घेऊन खोलीत आल्या. दुपारचं जेवण आलं की तोलक पुन्हा सुरू करायचा, असं त्यांनी निरंजनला सांगितलं. जुना पट्टा शेवटी शेवटी अडकला असणार. दोनशे ऐंशीवरून एकदम अठ्ठावीस असं रक्तात होत नसतं. नवा पट्टा बरोबर वाचेल. डबी उत्तम आहे, आणि सणाच्या दिवसांत तिने जे शिकून ठेवलंय त्याच हिशेबाने पहिला डोस देईल.

ऋजुताने हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. डबीने सणाच्या दिवसांत जे शिकलं होतं ते शैलजाबाईंच्या शरीराबद्दल नव्हतंच. इन्सुलिनला दाद न देणारं एक शरीर तिने पाहिलं होतं आणि त्याच्यासाठी डोस वाढवून ठेवला होता. जेवणाआधीचा डोस एकदम पडतो. पट्टा धोका सांगेपर्यंत तो पोटात गेलेला असणार. आणि पुन्हा पडलं तर सोसणार नाही, हे तिच्या समोरच सांगितलं गेलं होतं.

तिने आधी पळवाट शोधली. माणूस तेच करतो. तिने सहज सुचल्यासारखं विचारलं, डॉक्टर, डबीतलं सगळं पुसून कोरी सुरू केली तर? डॉक्टरांनी मान हलवली. कोरी डबी शिकायला महिना घेते, तोवर शुगर वर-खाली होत राहते, आणि आता एवढा झोका यांना परवडणार नाही. शिवाय पुसायचं कशाला? दोन दिवस शरीर इन्सुलिनला जुमानत नव्हतं हे इतकं स्वच्छ दिसतंय. दवाखान्यातल्या मावशींनी दरवाजा ढकलून जेवणाचं ताट आत आणलं. डॉक्टर पट्ट्याचं पाकीट फोडू लागल्या.

"ते शरीर यांचं नव्हतं," ऋजुता म्हणाली. "माझं होतं."

मग तिने सांगितलं. उभ्या उभ्या, निरंजनकडे न बघता, पट्टा, युक्ती, लाडू, केंद्राचा फोन, आपण दिलेलं खोटं उत्तर, सगळं. लाडवांचं सांगताना तिचा आवाज सगळ्यात जास्त कापला. डॉक्टरांचे हात पाकिटावर थांबले. निरंजनने ऐकलं, पण ते त्याच्या डोक्यात शिरत नसावं, कारण तो अजून तिच्याकडे काळजीनेच बघत होता.

पलंगावरून शैलजाबाई बोलल्या. "ती खोटं बोलायली, डॉक्टर. पट्टा माझ्याच दंडावर होता."

शुद्धीवर आल्यापासून त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं धड वाक्य होतं. एकही शब्द अडला नव्हता, एकही चुकला नव्हता. डॉक्टरांचा चेहरा उजळला आणि त्यांनी पुढे होऊन शैलजाबाईंचा हात दाबला. निरंजनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ऋजुताच्या खांद्यावर हात ठेवून हलकेच सांगितलं की तू झोपलेली नाहीस, तू उगाच स्वतःला दोष द्यायलीस, जरा बाहेर जाऊन बस. डॉक्टर पुन्हा पाकिटाकडे वळल्या.

गप्प बसण्याची याहून चांगली संधी कुणाला मिळाली नसेल. सासूने दार उघडून दिलं होतं, नवरा खांद्याला धरून बाहेर नेत होता. ऋजुताने खांद्यावरचा हात काढला, डॉक्टरांच्या ट्रेमधलं बोट टोचून साखर मोजायचं जुनं यंत्र उचललं आणि डॉक्टरांपुढे आपलं बोट धरलं.

"मी लाडू खाल्ले म्हणून पट्ट्याला साखर दिसली, असं मला वाटत होतं," ती म्हणाली. "पण दोन लाडवांनी दिवसभर दोनशे ऐंशी राहत नाही. हे मी मुलांना शिकवते. सकाळपासून मी चहासुद्धा घेतलेला नाही. बघा."

यंत्रावर तीनशे चार आले. डॉक्टरांनी दुसरं बोट टोचलं, तरी जवळपास तेच. मग त्या खुर्चीवर बसल्या. किती दिवस तहान लागतेय, वजन किती उतरलंय, असं त्यांनी विचारलं आणि ऋजुताने उत्तरं दिली. ती बारीक झाली म्हणून कॉलेजातल्या बायका तिला डाएट विचारत होत्या आणि तीही खुशीने काहीबाही सांगत होती. दरवर्षी ही लक्षणं ती फळ्यावर लिहायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

डॉक्टर सावकाश म्हणाल्या, "तोलक चुकला नाही. त्याने रोगी बरोबर ओळखला, औषध बरोबर मोजलं. दिलं मात्र दुसऱ्याच्या पोटात." नवा पट्टा त्यांनी पाकिटासकट खिशात टाकला, ताट बाजूला ठेवायला सांगितलं आणि डबीची आठवण पुसायची व्यवस्था करायला निघाल्या. महिनाभर आता दर दोन तासांनी बोट टोचायचं, दुसरा इलाज नाही. जाताना त्यांनी ऋजुतालाही दाखल व्हावं लागेल असं सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचा आवाज डॉक्टरचा होता, ओळखीचा नव्हता.

शैलजाबाई वाचल्या, दुसऱ्यांदा. ऋजुताला वाटलं होतं की सांगितलं की छातीवरचा दगड उतरेल. तो उतरला नाही. लाडवांचा दोष नव्हता हे कळलं, तर आता धरायला लाडूही उरले नाहीत. उरली ती एवढीच गोष्ट की "मी आहे की" असं तिने म्हटलं होतं.

निरंजन खिडकीपाशी गेला होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो पाठमोराच बोलला.

"आई पडली तेव्हा तू कुठं होतीस?"

"उंबऱ्यात."

"म्हणजे दिसत होतं तुला."

"हो."

"मग आत का नाही गेलीस?"

ऋजुताने पलंगाकडे पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर खरं होतं, साधं होतं, आणि ते पलंगावर निजलं होतं.

शैलजाबाई उठून बसायची धडपड करत होत्या. "तिला नाही," त्या मुलाला म्हणाल्या. "मीच. मीच तिला... माझं ते होतं ना. ते." खोटं बोलताना अख्खं वाक्य सापडलं होतं, आणि आता खरं सांगायचं तर एक शब्द मिळत नव्हता. त्यांनी हवेत हात फिरवला, कपाळ आवळलं, ओठ जुळवून पाहिले. जन्मभर जपलेली गोष्ट, सासूने दिलेली, आणि तिचंच नाव गेलं होतं. शेवटी त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"काय म्हणतात गं त्याला?"

निरंजन खिडकीपासून वळला. शब्द ऋजुताच्या जिभेवर होता. तो देऊन टाकला असता, तर निरंजनला त्याचं उत्तर मिळालं असतं आणि त्या उंबऱ्यातल्या थांबण्याचं निम्मं ओझं तिच्या अंगावरून उतरून या म्हाताऱ्या बाईच्या अंगावर गेलं असतं. त्या ते घ्यायला हात पुढे करूनच बसल्या होत्या.

"मलाही आठवत नाही, आई," ऋजुता म्हणाली.

शैलजाबाईंनी मान हलवली, डोळे मिटले, आणि त्या तो शब्द पुन्हा शोधू लागल्या.